एका बाजूचा फोन, समोरची खोली : बॉब न्यूहार्टच्या पहिल्या तबकडीची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९६०. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात टाइडलँड्स नावाच्या मोटेलच्या क्लबमध्ये तीस वर्षांचा बॉब न्यूहार्ट माइकसमोर उभा राहिला. क्लबमध्ये कार्यक्रम करण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि त्याच मुक्कामात वॉर्नर ब्रदर्स कंपनीने त्याची तबकडी रेकॉर्ड केली. विनोदी कलाकार आधी वर्षानुवर्षं मंचावर घासतो आणि मग कधी तरी त्याची तबकडी निघते, हा नेहमीचा क्रम इथे उलटा झाला. करार आधी आणि मंच नंतर! 'द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट' ऐकताना ही गोष्ट ठाऊक असली की बरंच काही उलगडतं. आवाजातला अवघडलेपणा, वाक्य सुरू करून थांबणं, स्वतःलाच सावरून घेणं, यातला बराचसा भाग खरा आहे.

न्यूहार्ट शिकागोचा. आधी हिशेबनीस होता, मग जाहिरातींचा मजकूर लिहायचा. त्या काळात तो आणि एक मित्र फोनवर एकमेकांशी विनोदी संवाद करत आणि ते टेप करून रेडिओ केंद्रांना पाठवत. मित्र न्यूयॉर्कला नोकरीसाठी गेला, तेव्हा संवादाची एकच बाजू उरली. न्यूहार्टने दुसरा माणूस शोधला नाही, ती एकच बाजू पुढे चालवली. डॅन सॉर्किन नावाच्या शिकागोच्या रेडिओ निवेदकाने त्याच्या टेप वॉर्नरच्या माणसांपर्यंत पोचवल्या. कंपनी १९५८ मध्येच सुरू झालेली आणि पैशाच्या ओढाताणीत. त्यांना लोकांसमोरचं रेकॉर्डिंग हवं होतं. न्यूहार्टकडे लोकही नव्हते आणि तबकडी भरेल इतका मजकूरही नव्हता. उरलेले तुकडे त्याने ह्यूस्टनच्या आधी लिहून काढले.

एका बाजूचं बोलणं मराठी वाचकाला नवं नाही. दिवाकरांनी १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटा नेमक्या याच तत्त्वावर उभ्या आहेत : बोलणारा एक, समोरचा गप्प, आणि समोरच्याने काय म्हटलं ते वाचणाऱ्याने बोलणाऱ्याच्या उत्तरावरून ओळखायचं. नागपुरात शाळेच्या स्नेहसंमेलनात नाट्यछटा केलेल्या कुणालाही यातली अडचण माहीत असते. समोरच्या 'न बोललेल्या' वाक्याला किती वेळ द्यायचा? कमी दिला तर ऐकणाऱ्याच्या मनात ते वाक्य तयारच होत नाही. जास्त दिला तर कलाकार पाठांतर विसरला असं वाटतं. न्यूहार्टची सारी कारागिरी या थांब्यात आहे. या तबकडीत तो थांबा आपल्याला मोजताही येतो, कारण खोली हसते, म्हणजे समोर बसलेले प्रेक्षक. न्यूहार्ट फोनवर काही ऐकल्यासारखं करतो, एक शब्द उच्चारतो, आणि खोलीला दुसरी बाजू कळते त्या क्षणी हसू फुटतं. कधी लगेच, कधी अर्ध्या सेकंदाने, कधी एका कोपऱ्यातून सुरू होऊन पसरत जातं. छापील नाट्यछटेत हे मिळत नाही. बंद स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या श्रुतिकेतही नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालं. स्टुडिओतून होणाऱ्या श्रुतिकांमध्ये विनोद असला तरी त्याला खोली नसायची. पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटवर मात्र ती आहे, म्हणूनच तो हशा ऐकत वाढलेला मराठी कान या तबकडीला चटकन जुळतो.

खोलीचा आवाज तबकडीवर येण्याआधी बराच काळ गेला. १८९० च्या दशकात जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन या कृष्णवर्णीय गायकाचं हसण्याचं गाणं मेणाच्या नळकांड्यांवर खूप खपलं. त्यात हसतो तो स्वतः गायक, तालात. प्रती काढायची चांगली सोय नव्हती, त्यामुळे त्याला तेच गाणं, तेच हसणं पुन्हापुन्हा कर्ण्यात ओतावं लागे. पुढे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. टेलिफोनवरचा एकतर्फी विनोद तिथेही आहे : १९१३ च्या सुमाराला आलेला 'कोहेन ऑन द टेलिफोन'. पण तो रिकाम्या खोलीत, यंत्राच्या कर्ण्यासमोर बोललेला. तीन मिनिटांत थांब्याला जागा नसते, म्हणून तो धावत सुटतो. (या तबकड्या लाखेच्या असत. ती लाख मुख्यतः भारतातून जाई, आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडच्या छत्तीसगड-झारखंडमधल्या पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरची. लाखेची तबकडी अल्कोहोल असलेल्या द्रावणाने कधीही पुसू नये. लाख त्यात विरघळते.)

१९४८ ने दोन दारं उघडली. जूनमध्ये कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची बारा इंची लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्याच वर्षी अ‍ॅम्पेक्स कंपनीची टेप यंत्रं अमेरिकन रेडिओत कामाला लागली. टेप यंत्र गाडीत घालून क्लबमध्ये नेता येतं, चार प्रयोग रेकॉर्ड करून त्यातला चांगला निवडता येतो, आणि ब्लेडने कापून जोडता येतं. विनोदी कलाकार मॉर्ट साल १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल इथे बोलला, तो कार्यक्रम टेपवर गेला आणि १९५८ मध्ये त्याची परवानगी न घेता तबकडी म्हणून बाहेर आला. रेड फॉक्सच्या 'लाफ ऑफ द पार्टी' मालिकेची सुरुवात १९५६ ची. या तबकड्या घरच्या बैठकीत मुलं झोपल्यावर लावायच्या. १९५९ मध्ये शेली बर्मनची तबकडी जोरात खपली. बर्मनही फोनवरचा एकतर्फी संवाद करत होता, तेव्हा न्यूहार्टने हा प्रकार शोधला असं म्हणू नये. त्याने तो संथ केला, आणि फोनच्या या टोकाला एक सरळमार्गी, धंद्याच्या भाषेत बोलणारा नोकरदार बसवला. ही भर मोठी आहे.

तबकडी सुमारे अर्ध्या तासाची आहे, तीन तुकडे एका बाजूला, तीन दुसऱ्या. थोडा संदर्भ आधी हाताशी असावा, नाहीतर खोली का हसते ते कळत नाही. पहिल्या तुकड्यात जाहिरात एजन्सीचा माणूस लिंकनला फोनवर समजावतो की गेटिसबर्गच्या भाषणात बदल करू नकोस, दाढी ठेव, ती उंच टोपी घालत जा. ते भाषण १८६३ चं. त्याची सुरुवात अमेरिकेत शाळकरी मुलांना पाठ असते. तुकड्याच्या नावात येणारा मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू म्हणजे न्यूयॉर्कचा जाहिरातवाल्यांचा रस्ता. राइट बंधूंच्या तुकड्यात १९०३ च्या विमानाचा धंदा कसा करायचा याची चौकशी आहे. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या तुकड्यामागे त्याचा सप्टेंबर १९५९ चा अमेरिका दौरा आहे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी जेमतेम पाच महिन्यांपूर्वीची बातमी. बेसबॉलचा शोध अ‍ॅबनर डबलडेने लावला ही समजूत इतिहासकारांनी खोडून काढली आहे, पण शेवटचा तुकडा तिच्यावरच उभा आहे. उरले दोन : पाणबुडीच्या कप्तानाचं निरोपाचं भाषण आणि गाडी शिकवणारा प्रशिक्षक. या दुसऱ्यात चेष्टेचा विषय गाडी शिकणारी बाई आहे. आज ते खटकतं आणि खटकायलाच हवं. तरीही थांब्यांचा अभ्यास करायचा तर सगळ्यात जास्त याच तुकड्यात मिळतो, कारण गाडी पुढे काय करणार हे प्रशिक्षकाच्या श्वासावरून कळतं.

आता ऐकण्याबद्दल. मूळ तबकडी मोनो आणि स्टीरिओ अशा दोन रूपांत निघाली. मोनोचा क्रमांक डब्ल्यू १३७९, स्टीरिओचा डब्ल्यूएस १३७९. एका माणसाच्या बोलण्याला मोनो पुरेशी आहे, आणि आमच्या मते ती अधिक चांगली : आवाज आणि हशा एकाच जागेवरून येतात, खोली जवळ वाटते. मोनो तबकडी आजच्या स्टीरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबावं. स्टीरिओ सुई खोबणीची उभी हालचालही वाचते. मोनोत ती निव्वळ कचकच असते, आणि डावा-उजवा आवाज एक केला की ती बरीचशी कटते. बटण नसेल तर एकच स्पीकर लावून ऐकलं तरी चालतं, मात्र कचकच तेवढी कमी होणार नाही. सुईचं वजन कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या मर्यादेत ठेवावं. 'हलकी सुई तबकडी वाचवते' हा गैरसमज आहे. गरजेपेक्षा हलकी सुई उडते, आणि उडताना खोबणीच्या भिंती खरवडते.

बाजू संपत येते तसे 'स' आणि 'श' खरखरीत होऊ लागले तर लगेच सुईला दोष देऊ नये. फेऱ्या तितक्याच राहतात, पण वर्तुळ लहान होतं : बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खोबणी सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्या जागेत बारीक ध्वनी कोंबले जातात. या तबकडीच्या बाजू साधारण पंधरा-सोळा मिनिटांच्या असल्याने मूळ तबकडीवर खोबणी कापणाऱ्याला ऐसपैस जागा मिळाली आहे आणि हा दोष कमी जाणवतो.

टेपची कापाकापी कुठे झाली आहे ते ओळखायलाही कान तयार करावा. स्टुडिओच्या टेपचा वेग बहुधा सेकंदाला ३८ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा हशा १९ सेंटिमीटर टेपवर पसरतो, हातात धरून कापता येईल एवढा. जोड सहसा हशातच लपवतात, कारण गलबल्यात तो झाकला जातो. लक्ष ठेवायचं ते हशाच्या शेपटावर. खरा हशा विरतो, एखादा माणूस उशिरा हसतो, ग्लास किणकिणतो. शेपूट अचानक तुटलं किंवा मागची घरघर एका क्षणात बदलली, की तिथे ब्लेड चाललं समजावं. खोलीच्या आकाराचाही फरक पडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून छोट्या क्लबमध्ये हशा कलाकाराकडे जवळजवळ लगेच परततो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागेत मागच्या रांगांचा हशा उशिरा आणि पसरट होऊन येतो. तिथे कलाकाराला पुढच्या वाक्यासाठी जास्त थांबावं लागतं. विनोदी कलाकार जॉर्ज कार्लिनच्या १९७२ च्या दोन तबकड्या पाठोपाठ लावून हे ताडून बघता येईल. 'एफएम अँड एएम' वॉशिंग्टनच्या सेलर डोर या लहान क्लबमधली, 'क्लास क्लाऊन' सांता मोनिकाच्या मोठ्या प्रेक्षागृहातली.

नागपुरात खरा शत्रू कूलर. मे महिन्यात त्याच्या घरघरीखाली अर्ध्या सेकंदाचे थांबे पूर्ण बुडतात, मग आवाज वाढवावा लागतो आणि हशा कर्कश होतो. ही तबकडी डिसेंबर-जानेवारीत, पंखाही बंद करून ऐकावी. उन्हाळ्यातच ऐकायची असेल तर पहाटे. कूलरच्या झोतात तबकड्यांचं कपाट नको. ओलाव्याने पाकिटात बुरशी धरते आणि ती खोबणीत टिकटिक बनून उतरते. याउलट कोरड्या एप्रिलमध्ये स्थिर वीज साचते आणि धूळ चिकटते, तेव्हा कोरड्या फडक्याने घासणं म्हणजे आणखी वीज तयार करणं. डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलावलेलं मऊ कापड खोबणीच्या दिशेने फिरवावं. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खोबणीत सुकून बसतात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आणि विकत घेतलेली तबकडी उन्हात उभ्या गाडीत तासभरही विसरू नये. एवढ्या उष्णतेत ती हमखास वाकते, आणि वाकलेली घरी काचांमध्ये दाबून सरळ करू जाण्यात खोबणी बिघडण्याचा धोका असतो.

मोबाइलवरच ऐकणार असाल तर तीन गोष्टी बंद करा : शफल, एका तुकड्यात दुसरा मिसळणारं क्रॉसफेड, आणि आवाज सपाट करणारं नॉर्मलायझेशन. क्रॉसफेड पुढच्या तुकड्याची सुरुवातीची शांतता खातं. 'स्वच्छ केलेल्या' प्रती टाळाव्यात. घरघर काढणारी यंत्रणा थांब्यातला खोलीचा श्वासही काढून टाकते, आणि मग न्यूहार्ट पोकळीत बोलतोय असं वाटतं.

तबकडी १९६० च्या वसंतात बाजारात आली आणि बिलबोर्ड नियतकालिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. १९६१ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांत तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला आणि न्यूहार्टला सर्वोत्तम नवोदित कलाकाराचा. दुसरी तबकडी, 'द बटन-डाउन माइंड स्ट्राइक्स बॅक!', १९६० मध्येच काढली गेली. शहरात ओपन माइक (कुणालाही मंच खुला असलेले कार्यक्रम) करणाऱ्या मुलामुलींनी दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात : पहिल्या तबकडीत खोली या माणसाला ओळखत नाही, दुसरीत ओळखते. दुसरीत हशा वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच सुरू होतो का, हे घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.