बटणातला एनसी आणि लॅडरमधला एनसी

"दादा, पीएलसी उलटा चालतोय. स्टॉप दाबून धरल्याशिवाय स्टार्टच घेत नाही. स्टॉप सोडला की कन्व्हेयर बंद."

हा फोन मला दरवर्षी येतो. कधी कुपवाड एमआयडीसीतून, कधी तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवरून. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर, उलटा नसतो. आणि गंमत अशी, की हा घोळ घालणारा सहसा नवखा नसतो. स्टार-डेल्टाची वायरिंग डोळे मिटून करणारा, वीस वर्षं पॅनेलमध्ये हात घातलेला माणूस असतो. त्याला पॅनेल चांगलं कळतं, म्हणूनच तो फसतो.

बटणातला एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, काय असतो हे मी सांगायला नको. हात न लावता जोडलेला, दाबला की तुटणारा. बटणामागचा लाल कॉन्टॅक्ट ब्लॉक, टर्मिनल ११-१२ किंवा २१-२२. मोटरवर जास्त भार आला की तुटणारा ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ त्याच जातीचा. पुढे जाऊ.

लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत काढलेल्या पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, दोन उभ्या रेघांत तिरकी रेघ मारलेलं जे चिन्ह असतं, त्यालाही सॉफ्टवेअर एनसीच म्हणतं. माझा राग या नावावर आहे. कारण ते चिन्ह म्हणजे कॉन्टॅक्ट नाहीच, तो एक प्रश्न आहे. साध्या दोन रेघा विचारतात, "हा बिट १ आहे का?" तिरकी रेघवाल्या विचारतात, "हा बिट ० आहे का?" उत्तर 'हो' आलं की स्क्रीनवरचा रंग पुढे सरकतो, 'नाही' आलं की तिथेच अडतो. बाहेर बटण एनओ (नॉर्मली ओपन, दाबल्यावर जोडणारं) आहे की एनसी, लाल आहे की हिरवं, याचा त्या चिन्हाला पत्ता नसतो. पीएलसीला बटण दिसतच नाही. इनपुटच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट आले की नाही, एवढंच त्याला कळतं: आले तर बिट १, नाही तर ०.

आता स्टॉपचं बघा. बटण एनसी, कोणी दाबलेलं नाही, म्हणून २४ व्होल्ट टर्मिनलपर्यंत पोचलेत. इनपुटचा एलईडी पेटलाय, बिट १ आहे. मोटर चालायची तर या घडीला रंग पुढे जायला हवा. मग कोणता प्रश्न विचारायचा? "१ आहे का?" म्हणजे साध्या दोन रेघा, ज्याला सॉफ्टवेअर एनओ म्हणतं. स्टॉप दाबला की २४ व्होल्ट तुटतात, बिट ० होतो, उत्तर 'नाही' येतं आणि होल्डिंग, म्हणजे स्टार्ट सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारी जोडणी, सुटतं. तारेतला एनसी, लॅडरमध्ये एनओ. उलटं करायचं काम वायरिंगनं एकदा केलेलं असतं. चिन्हही एनसी टाकलं की तेच काम दुसऱ्यांदा होतं, आणि वरचा फोन येतो.

या घोळाचं मूळ जुनं आहे. पहिला पीएलसी, मॉडिकॉन ०८४, १९६८-६९ च्या सुमारास डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ठिकाण अमेरिकेतलं, गरज मोटार कारखान्यांची. रिलेच्या ड्रॉइंगवर वाढलेल्या इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकावी लागू नये, म्हणून लॅडर त्या ड्रॉइंगसारखी ठेवली. ही सोय फार मोठी होती. पण चिन्हं तशीच राहिली आणि अर्थ बदलला. ॲलन-ब्रॅडलीनं निदान 'एक्झॅमिन' हा शब्द घातला, म्हणजे 'तपास'. पण त्याच्यापुढे पुन्हा 'इफ क्लोज्ड', म्हणजे 'जोडलेला असेल तर', जोडून पाणी गढूळ केलं. मला मित्सुबिशीची जुनी सोय आवडते: एलडी आणि एलडीआय. आय म्हणजे इन्व्हर्स. त्यात बटणाचा संबंधच नाही.

आयटीआयची पोरं मात्र सिम्युलेटरमुळे फसतात. सिम्युलेटर सुरू केला की सगळे इनपुट ०. बाहेर एनसी बटण जोडलेलंच नसतं, त्यामुळे स्टॉपचा बिटही ०. बरोबर काढलेली लॅडर तिथे चालत नाही. पोरगं चिन्ह उलटं करतं, मोटर फिरते, सर शाबासकी देतात. तेच प्रोग्रॅम पॅनेलवर चढवलं की बोंब. सिम्युलेटरमध्ये आधी स्टॉप आणि ओव्हरलोडचे बिट हातानं १ करा, मग स्टार्ट दाबा. ऑनलाइन मॉनिटरमध्येही तेच: चिन्ह रंगलं म्हणजे प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, बटण दाबलं गेलं असं नाही.

घोळापेक्षा त्यावरचा 'उपाय' वाईट. चिन्ह बदलण्याऐवजी काही जण स्टॉपचा लाल ब्लॉक काढून हिरवा एनओ बसवतात. मशीन चालतं, सगळे खूश. बेदाण्याच्या एका ग्रेडिंग लाइनवर मी हे पाहिलं. उंदरानं स्टॉपची वायर कुरतडली होती. आठवडाभर कोणाला कळलं नाही, कारण कन्व्हेयर छान चालत होता. एका दुपारी ट्रे अडकला, बाईंनी स्टॉप दाबला, कन्व्हेयर चालूच. शेवटी कोणीतरी धावत जाऊन मेन पाडला. एनसी असता तर वायर तुटली त्याच क्षणी मशीन थांबलं असतं. आपण सगळे शिव्या घालत वायर शोधली असती, पण ते परवडलं. स्टॉप एनसीच हवा, यावर मी वाद घालत नाही. इमर्जन्सी स्टॉप तर नुसता पीएलसीच्या भरवशावर ठेवायचाच नाही. तो सेफ्टी रिलेतून थेट, मोटरला वीज देणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय तोडणारा हवा. पीएलसीला फक्त कळवायचं, की तो दाबला गेलाय.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. सेन्सर पीएनपी की एनपीएन (इनपुटला प्लस देणारा की मायनस), हा कॉमन कुठे जोडायचा याचा प्रश्न आहे, लॅडरचा नाही. इनपुटच्या नंबरांत एक्स-७ नंतर डेल्टा डीव्हीपीत किंवा मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये थेट एक्स-१० येतो, कारण मोजणी आठाची. एकदा चुकाल, मग लक्षात राहील.

नावाबद्दल मात्र मी हट्टी आहे. त्या इनपुटला 'स्टॉप' नाव देऊ नका. 'स्टॉप' वाचलं की 'बिट १ म्हणजे थांबलं' असं मनात येतं, आणि इथे १ म्हणजे सगळं ठीक. मी 'स्टॉप-ओके', 'ओव्हरलोड-ओके' लिहितो. मग साध्या दोन रेघा आपोआप पडतात: स्टॉप ओके आहे का? ओव्हरलोड ओके आहे का? मग चल.

परवाच्या फोनवाल्याला मी आधी विचारलं, "बटणाला हात लावू नको, इनपुटचा एलईडी पेटलाय का सांग." पेटलेला होता. "मग लॅडरमधली तिरकी रेघ काढ, आणि ब्लॉक आहे तसा राहू दे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ब्लॉक तर मगाशीच बदललाय, दादा. म्हणजे एलईडी आता पेटलाय, तो मीच अंगठ्यानं दाबून धरलाय म्हणून."