नवा पासपोर्ट, जुनी नोंद

‘कॅनडाच्या विमानतळावर तोंडी सांगितलेलं कुठे लिहिलं जात नाही, नवा पासपोर्ट काढला की वर्क परमिटला अडचण नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतं, पण तसं नाही.

चौकशीतली उत्तरं सीमा अधिकारी संगणकावर नोंदवू शकतो. ‘फिरायला आलोय’ म्हणणाऱ्याच्या बॅगेत नोकरीचं पत्र सापडलं, तर तेही त्यात येतं. अशी नोंद नाव, जन्मतारीख, घेतले असतील तर बोटांचे ठसे यांवरून सापडते. पासपोर्ट बदलला म्हणून ती सुटत नाही.

महत्त्वाच्या बाबतीत खोटं बोलल्याचा अधिकृत निर्णय झाला, तर तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार ५ वर्षं प्रवेशबंदी. निर्णयच झाला नसेल तर ही बंदी आपोआप लागत नाही, हे घाबरलेल्यांनी जरूर लक्षात घ्यावं. मात्र वर्क परमिटच्या फॉर्ममध्ये ‘कधी प्रवेश नाकारला होता का?’ हा प्रश्न असतो, आणि तो कोणत्याही देशाबद्दल असतो. परत पाठवलं असताना ‘नाही’ लिहिलं, तर ते नवं खोटं ठरू शकतं. एजंटाने फॉर्म भरला तरी जबाबदारी अर्जदाराचीच.

पडताळायचं असेल तर आपल्या फाइलमधल्या अधिकाऱ्यांच्या नोंदी तिथल्या माहिती मागवण्याच्या कायद्याखाली मिळवता येतात. त्या आधी वाचा, मगच फॉर्म भरा.