दुभाजकालगतची लेन रात्री सुरक्षित?

‘रात्री महामार्गावर दुभाजकाला चिकटून गाडी चालवा, तिथे समोरून कोणी येत नाही,’ हा सल्ला फिरतोय. चुकून उलट दिशेने शिरलेल्या गाडीच्या बाबतीत तो नेमका उलटा पडतो.

वाट चुकलेल्या, पेंगुळलेल्या किंवा प्यायलेल्या चालकाला आपण चुकलोय हेच कळलेलं नसतं. तो रस्ता दुहेरी समजून इमानेइतबारे आपली बाजू धरतो. त्याची ती बाजू म्हणजे तुमची दुभाजकालगतची वेगवान लेन! दोघेही ताशी 100 किलोमीटरने असाल, तर अंतर सेकंदाला सुमारे 55 मीटरने घटतं. अर्ध्या किलोमीटरवर दिवे दिसले तरी हातात 9 सेकंद. त्यातली एक-दोन तर ‘हे दिवे पलीकडचेच असतील’ म्हणण्यात जातात.

म्हणून ओव्हरटेक झाला की दुभाजकापासून दूरच्या लेनमध्ये परता. समोर दिवे दिसलेच, तर वेग कमी करा, आरसा पाहून बाहेरच्या कडेला सरका, थांबल्यावर आपत्कालीन क्रमांकावर कळवा. डिपर-हॉर्न जरूर द्या, पण त्याच्या शुद्धीवर विसंबू नका.

वळसा वाचवायला जाणूनबुजून उलटे येणारे मात्र बहुधा कडेनेच येतात, तेव्हा कडेवरही नजर हवीच.