जडत्व येते कोठून? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

पिळलेल्या दोरीला टांगलेली पाण्याची बादली सोडली की ती गरगर फिरू लागते, पण सुरुवातीला आतले पाणी सपाटच असते. पाणीही बादलीबरोबर फिरू लागते तेव्हा मात्र ते मध्यभागी खोल जाऊन कडांना चढते. म्हणजे बादली आणि पाणी यांच्यातील सापेक्ष गती सर्वाधिक असताना काहीच घडत नाही आणि ती शून्यावर आल्यावर पृष्ठभाग वक्र होतो. यावरून न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात निरपेक्ष अवकाशाची, म्हणजे कोणत्याही वस्तूवर अवलंबून नसलेल्या स्थिर अवकाशाची, कल्पना मांडली. तत्त्वज्ञ बर्कलेने १७२१ मध्ये तिला आक्षेप घेतला, पण तिच्या मुळाशी घाव घातला तो भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी, १८८३ मध्ये. बादलीच्या भिंती कित्येक कोस जाड असत्या तर पाण्याचे काय झाले असते हे कोणीही सांगू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पाणी फिरते ते दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात, आणि जडत्वाचे, म्हणजे गतीतील बदलाला वस्तू करत असलेल्या विरोधाचे, मूळही त्या ताऱ्यांच्या वस्तुमानातच असावे, असा त्याचा रोख होता.

आइन्स्टाइन यांच्यावर या विचाराचा खोल प्रभाव होता. १९१८ मध्ये त्यांनीच त्याला ‘माखचे तत्त्व’ असे नाव दिले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ डी सिटर यांनी व्यापक सापेक्षतेची, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाच्या सिद्धांताची, समीकरणे पदार्थविरहित विश्वालाही लागू पडतात असे दाखवून दिले होते. रिकाम्या विश्वातही जडत्व शिल्लक राहत असेल, तर माख यांची अपेक्षा पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. माझ्या मते पुढील पर्यायी सिद्धांतांची खरी प्रेरणा ही उणीव होती, आइन्स्टाइन यांना खोटे ठरवण्याची हौस नव्हे.

१९५३ मध्ये डेनिस शियामा यांनी जडत्व हा दूरस्थ पदार्थाने वस्तूवर घडवून आणलेला (प्रवर्तित) परिणाम असल्याचे प्रारूप मांडले. १९६१ मध्ये ब्रान्स आणि डिकी यांनी गुरुत्व स्थिरांकच बदलता मानला. मात्र कॅसिनी यानाकडून सूर्याजवळून आलेल्या रेडिओ संदेशांच्या २००३ मधील विश्लेषणानंतर त्यांच्या सिद्धांताला आइन्स्टाइन यांच्यापासून फारसे दूर जाण्यास वाव उरला नाही. सर्वांत धाडसी मांडणी १९६४ ची, फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांची. तीत प्रत्येक कणाचे वस्तुमान विश्वातील इतर सर्व कणांच्या योगदानातून येते, त्यामुळे एकट्याच उरलेल्या कणाला वस्तुमान असणार नाही. आणि तरीही असंख्य कणांच्या विश्वात तिच्यातून आइन्स्टाइन यांची समीकरणे निघतात. हॉइल ज्या स्थिरस्थिती विश्वाचे, म्हणजे आरंभ नसलेल्या आणि सदैव सारख्याच दिसणाऱ्या विश्वाचे, पुरस्कर्ते होते, त्याला १९६५ मध्ये जाहीर झालेल्या, सर्व दिशांनी येणाऱ्या वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाच्या शोधाने मोठा धक्का बसला. जडत्वाचा प्रश्न मात्र त्याहून वेगळा होता.

भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवलेला बदल दीर्घिकांच्या परिभ्रमणासाठी होता: पृथ्वीवरील गुरुत्व त्वरणाच्या सुमारे आठ हजार कोटी पट कमी त्वरणाला नेहमीचे नियम बदलतात. हा बदल गुरुत्वाचा की जडत्वाचा, हे त्यांनी खुले ठेवले. अनेक दीर्घिकांना हा नियम चपखल बसतो, दीर्घिकासमूहांना मात्र पुरत नाही.

माख यांच्या जाड भिंतीच्या बादलीची जागा पुढे पृथ्वीनेच घेतली: फिरणारे मोठे वस्तुमान आजूबाजूच्या अवकाशाला थोडे सोबत ओढते का, हे तिच्यावर तपासता आले. २००४ मध्ये सोडलेल्या ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ उपग्रहातील घूर्णदर्शींचे (जायरोस्कोपचे) अक्ष पृथ्वीच्या परिवलनामुळे वर्षाला सुमारे ३७ सहस्रांश कोनीय सेकंदांनी सरकल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. व्यापक सापेक्षतेचे भाकीत ३९ चे होते आणि मोजणीतील अनिश्चितता सातची.