तुळशीला गेलेली मेथी

रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात एक काका आहेत. रात्री चमचाभर मेथी भिजत घालायची, सकाळी पाणी गाळून प्यायचं आणि दाणे तुळशीच्या कुंडीत टाकायचे, हा त्यांचा दोन वर्षांचा नेम. परवा म्हणाले, "मास्तर, पाणी तर रोज पितोय. ती मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी सोडली तर चालतंय न्हवं?"

मी रसायनशास्त्राचा मास्तर, डॉक्टर नव्हे. पण तुळशीला काय जातंय, एवढं सांगू शकत होतो.

भिजलेला मेथीदाणा बोटांत चुरडला की बुळबुळीत लागतो. तो बुळबुळीतपणा गॅलॅक्टोमॅनन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूचा. जेवणात तो असला की पोटातला लगदा दाट होतो, जठरातून सावकाश पुढे सरकतो आणि भाकरीतून सुटलेली साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत उशिरा पोचते. रक्तातली साखर एकदम उसळत नाही, हळूहळू चढते. हे सगळं घडायला भाकरी आणि मेथी पोटात एकाच वेळी हवीत. अनशापोटी गाळलेलं पाणी प्यायलं, तर बहुतेक तंतू दाण्यातच राहून कुंडीत गेलेला असतो.

शिवाय मापाचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इन्सुलिनवर असलेल्या टाइप १ मधुमेहींना तेल काढलेली मेथीची पूड दोन्ही जेवणांत विभागून दहा दिवस दिली. लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी उतरली, वाईट कोलेस्टेरॉलही कमी झालं. आकडा झकास आहे, पण पूड होती रोज १०० ग्रॅम! आपल्या चमच्यानं मोजली तर वीस-पंचवीस चमचे. चिमूटभर चूर्णाच्या जाहिरातीत हा भाग कधी येत नाही.

कोलेस्टेरॉल उतरण्याचं कारणही तोच तंतू. यकृत कोलेस्टेरॉलपासून चरबी पचवायला लागणारी पित्ताम्लं बनवतं. काम झालं की आतडं ती शोषून परत पाठवतं. बुळबुळीत तंतू त्यातली काही अडकवून शौचावाटे बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. इसबगोलाचं काम असंच चालतं, आणि त्याचा पुरावा इतका भक्कम की अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९८ साली हृदयासाठीचा दावा त्याच्या पाकिटावर छापायला परवानगी दिली. मात्र ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावं, आणि औषधाच्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, कारण तंतू गोळीलाही अडकवतो.

जवसाची गोष्ट वेगळी. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ गटातलं आम्ल असतं. कॅनडात पायाच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या ११० रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सुमारे १० अंकांनी कमी राहिला. दळलेलं हे महत्त्वाचं. अख्खं जवस बहुधा जसं आत जातं तसंच बाहेर येतं. या बाबतीत आपली शाळूच्या भाकरीवरची कुटलेली जवसाची चटणी शास्त्राला धरून आहे. तिच्यातलं मीठ मात्र नाही. आणि हळिवाचे लाडू पौष्टिक म्हणून खाताना त्यातला कोल्हापुरी गूळ मोजायचा राहतो, तो वेगळाच!

जांभळाच्या बियांचं काय? इन्सुलिन सापडण्याआधी युरोपातले डॉक्टरही ती मधुमेहावर देऊन बघत. प्रयोगशाळेत स्टार्चची साखर करणाऱ्या विकरांना ती अडवते. माणसांवरच्या मोठ्या, नीट चाचण्यांचं पाठबळ मात्र तिला नाही. उन्हाळ्यात गच्चीवर बिया वाळत घालणाऱ्या आमच्या मावशींना हे पटत नाही.

काकांना खरी गंमत पुढेच सांगितली. जी गोळी त्यांना सोडायची होती, तिचं मूळ एका बीतच आहे. युरोपात गॅलेगा नावाची मेथीच्याच कुळातली एक वनस्पती उगवते. १९१४ साली तिच्या बियांतून गॅलेजिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच घराण्यातलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं, आणि १९५७ साली फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा कुठे बीतला गुण मिलिग्रॅममध्ये मोजून देता यायला लागला.

काकांनी गोळी सोडली नाही. मेथी वाढवायची तर साखर फार खाली जाऊ नये म्हणून आधी डॉक्टरांना विचारून आले. आता दाणे भाकरीबरोबर चावून खातात, आणि तोंड कडू झालं की रंकाळ्यावर मला दोन शिव्या घालतात.