पुढच्या वेळी पोर सांगेल का?

संध्याकाळी साडेसातला ताईच्या मोबाइलवर क्लासचा मेसेज आला, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे.' पाल्य तेव्हा स्वयंपाकघरात बसून आज क्लासमध्ये काय शिकवलं ते आजीला सांगत होता.

माझा भाचा नववीत आहे. क्लासच्या वेळात तो मित्रांबरोबर टर्फवर क्रिकेट खेळत होता, हे पाच मिनिटांत बाहेर आलं. आबा, म्हणजे ताईचे सासरे, म्हणाले, "एक ठेवून द्या, सुतासारखा सरळ होईल." ताई म्हणाली, "हात लावायचा नाही. आधी काय झालं ते विचारू." दाजींनी त्याचा मोबाइल काढून घेतला आणि बोलायला सुरुवात केली. निर्लज्ज, आळशी, तुझ्यावर पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भाचा फरशीच्या एका फुटक्या कोपऱ्याकडे बघत उभा होता. वीस मिनिटं त्याने मान वर केली नाही.

ही तिन्ही मतं आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली आहेत. मानसशास्त्रातही हाच वाद साठेक वर्षं चालू आहे.

आबांचा उपाय आधी घेऊ. अमेरिकेतल्या एलिझाबेथ गेर्शॉफ यांनी २००२ मध्ये शारीरिक शिक्षेवरचे ८८ अभ्यास एकत्र तपासले. मार खाल्लेलं मूल त्या क्षणी ऐकतं, एवढी एकच गोष्ट माराच्या बाजूने निघाली. बाकी आक्रमकपणा वाढलेला, आईवडिलांशी नातं विस्कटलेलं, मनाचं स्वास्थ्य कमी. या निष्कर्षांना त्याच नियतकालिकात डायना बॉमरिंड, रॉबर्ट लार्झेलेअर आणि फिलिप कोवन यांनी हरकत घेतली. बॉमरिंड म्हणजे १९६० च्या दशकात बर्कलीमध्ये हुकूम सोडणारे, मोकाट सोडणारे आणि ठाम पण मायाळू असे पालकांचे तीन प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या संशोधक. त्यांचं म्हणणं असं की हलकी चापट आणि बेदम मार एकाच मापात मोजता येत नाहीत. शिवाय मूल मुळातच दांडगं असेल, म्हणून जास्त मार खात असेल, तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता? हरकत वजनदार आहे. पण लार्झेलेअर यांचा युक्तिवाद मुख्यतः दोन ते सहा वर्षांच्या मुलांपुरता आहे. चौदा वर्षांच्या पोरावर हात उगारायला त्या वादातली कुठलीच बाजू आधार देत नाही.

"आमच्याकडे सगळेच मार खाऊन मोठे झाले" हा आबांचा मुद्दाही तपासला गेलाय. जेनिफर लॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतासह सहा देशांतल्या ३३६ आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. जिथे मारणं सर्रास चालतं तिथे त्याचा मुलांच्या आक्रमकपणाशी आणि चिंतेशी असलेला संबंध थोडा सौम्य होता, इतकंच. तो पुसला गेलेला नव्हता.

मला जास्त काळजी वाटली ती दाजींची. ते मारत नाहीत, याचा त्यांना अभिमान आहे. 'तोंडाने बोललो तर काय झालं' असं आपल्यातल्या कितीतरी चांगल्या, जीव लावणाऱ्या पालकांना मनापासून वाटतं. मिंग-टे वांग आणि सारा केनी यांनी अमेरिकेतली ९७६ कुटुंबं घेऊन नेमकं हेच पाहिलं. मूल तेरा वर्षांचं असताना आईवडील ओरडत असतील, शिव्या देत असतील, आळशी किंवा मठ्ठ म्हणत असतील, तर पुढच्या वर्षभरात मुलाचं वागणं आणखी बिघडलं आणि उदासीची लक्षणं वाढली. बॉमरिंड यांच्या गटाने विचारलेल्या प्रश्नाचंही थोडं उत्तर इथे मिळालं, कारण संबंध दोन्ही दिशांनी आढळला. मूल वाईट वागलं की आईवडिलांची जीभ जास्त सुटते, आणि जीभ सुटली की मूल आणखी वाईट वागतं. या भोवऱ्यात दोघंही खाली जातात. आणखी एक गोष्ट त्यात निघाली, ती वाचून मी थांबलेच. एरवी घरात माया भरपूर असली तरी या बोलण्याचा परिणाम कमी झाला नाही. 'रागावतो ते प्रेमापोटीच' हे बापाला माहीत असतं. पोराला लागायचं ते लागतंच.

बोलण्याऐवजी अबोला धरणारी घरंही आहेत. 'तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू असे पांग फेडलेस' म्हणणारीही. माया आखडून घेऊन मुलाला वळवायच्या या रीतीला ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये वागण्यावरच्या नियंत्रणापासून वेगळं काढलं. रात्री आठपर्यंत घरी यायचं, हे वागण्यावरचं नियंत्रण. आठनंतर आलास म्हणून दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाही, हे मनावरचं. हे दुसरं किशोरवयातल्या उदासीशी जोडलेलं आढळलं.

मग ताईचं बरोबर का? निम्मं. ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटर्सन यांनी घरातली भांडणं बारकाईने नोंदवली. आई काही सांगते, मूल आदळआपट करतं, आई कंटाळून सोडून देते, मूल शांत होतं. मूल शिकतं की आदळआपट केली की सुटका होते. आई शिकते की सोडून दिलं की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळालेलं असतं, त्यामुळे पुढची आदळआपट आणखी जोरात होते. तेव्हा विचारायचं, पण ठरलेली गोष्ट सोडायची नाही.

विचारण्याचं मोल मात्र स्वीडनमधल्या एका अभ्यासाने दाखवलं. मुलांना मारायला कायद्याने संपूर्ण बंदी घालणारा जगातला पहिला देश तो, १९७९ सालचा. तिथे होकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक घेतले. मूल कुठे जातं, कोणाबरोबर असतं, पैसे कशावर घालवतं हे ज्या पालकांना माहीत असतं त्यांची मुलं कमी बिघडतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यावरून सगळे म्हणत, लक्ष ठेवा. या दोघांनी पुढचा साधा प्रश्न विचारला: पालकांना हे कळतं कुठून? चौकशीतून थोडं, नियमांमुळे थोडं. बरंचसं कळतं ते मूल आपणहून सांगतं म्हणून. २००० साली हा लेख आला तेव्हा खळबळ उडाली. चार वर्षांनी ॲन फ्लेचर, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मीशे विल्यम्स-व्हीलर यांनी दाखवलं की पालकांच्या धाकाचा आणि नियमांचाही स्वतःचा वाटा असतो, सगळं मुलाच्या सांगण्यावर सोडता येत नाही. मला दोन्ही पटतं. पण तेव्हापासून कुठलीही शिक्षा बघताना माझ्या मनात एकच येतं: या शिक्षेनंतर पोर पुढच्या वेळी सांगेल का?

शिक्षा कशाबद्दल करायची, यालाही हेच लागू आहे. जुडिथ स्मेटाना यांनी वर्षानुवर्षं किशोरांशी आणि पालकांशी बोलून पाहिलंय. चोरी, मारामारी किंवा जिवाला धोका असलेल्या गोष्टींत आईवडिलांनी नियम करावेत हे मुलं बहुतांशी मान्य करतात. केस, कपडे आणि मित्र यांवर बोललं की तीच मुलं 'हे माझं आहे' म्हणून दार लावून घेतात. ताईच्या घरात गेल्या वर्षातली निम्मी भांडणं केसांवरून झाली आहेत.

तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. भाचा बादली घेऊन मागे आला आणि चिमटे देत देत म्हणाला, "मावशी, ते पहिल्यांदा नव्हतं. चार वेळा गेलो नाही." मेसेज या महिन्यापासून सुरू झालेत, आधीच्या तीन दांड्या घरात कोणालाच माहीत नव्हत्या. बहुपदी कळत नव्हती. विचारलं तर सरांनी सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

"आईला सांगशील?"

"बाबा ओरडतील."

"मी असेन तिथे."

रात्री जेवणानंतर त्याने सांगितलं. चार हा आकडा ऐकून दाजींचा चेहरा ताठरला, मला भीती वाटली. आबांनी तोंड उघडलं आणि ताईकडे बघून मिटलं. दाजी बराच वेळ ताटातल्या भाताच्या शितांकडे बघत होते. मग म्हणाले, "मोबाइल रविवारी मिळेल, ते ठरलंय तसंच राहील." आणि खुर्ची त्याच्या बाजूला ओढून त्यांनी विचारलं, "बहुपदी कुठपर्यंत कळलीय? वही आण."