आपलं कार्टून शाळेतच का अडकलं?

२४ जानेवारी २०२५ रोजी ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा जुना भारत-जपान ॲनिमेशनपट नव्याने थिएटरांत लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट आला आणि त्याचा गल्ला तीनशे कोटींच्या घरात गेला. तेव्हापासून ‘भारतीय ॲनिमेशन वयात आलं’ असं जो तो म्हणतो. मला हे अर्धंच पटतं. चित्रं हलवून मोठ्या माणसांना चकित करायची हौस आपल्याकडे पहिल्यापासून होती. मधे तिला धडे गिरवायला बसवलं गेलं.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं होतं. महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत उरकली. ही फिल्म दाखवून त्यांनी पैसे लावणाऱ्याचं मन वळवलं. पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात काड्या आपणहून आकार घेत. यात उपदेश कुठेच नव्हता, होती ती फक्त गंमत. १९३४ मध्ये कलकत्त्यात गुणमय बॅनर्जींचा ‘द पी ब्रदर्स’ हा कार्टूनपट आला, आणि त्याच सुमारास पुण्यात प्रभातने ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. तो प्रयोग पुढे रुजला नाही.

रुजणार कसा? सेकंदाला २४ चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सात मिनिटांच्या फिल्मला पाच हजारांवर चित्रं लागतात. मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या तुकड्यासाठी एवढा खर्च कोणता निर्माता करील? असा खर्च परवडणारा एकच मालक होता, सरकार.

१९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने, म्हणजे सरकारच्या माहितीपट काढणाऱ्या खात्याने, कार्टून विभाग सुरू केला. अमेरिकेच्या तांत्रिक मदत योजनेतून डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. ‘बॅम्बी’वर काम केलेला हा माणूस, आणि त्याच्या हाताखाली आपली पहिली पिढी तयार झाली. जातककथेवरचा ‘द बनियन डियर’ १९५७ चा. ॲनिमेटर राम मोहन या विभागातलेच, जी. के. गोखलेही इथलेच. इथलेच प्रमोद पती प्रागला जाऊन यीर्झी त्रन्का या चेक ॲनिमेशनकाराकडे शिकून आले आणि पुढे ‘एक्स्प्लोरर’सारख्या फिल्ममध्ये त्यांनी जे धुमाकूळ घातले ते आजही चक्रावून टाकतात. सरकारी नोकरीत राहून असं काही करता येत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण नेहमीचं काम होतं कुटुंबनियोजन, बचत, स्वच्छता. थिएटरांना मुख्य चित्रपटाआधी या फिल्म दाखवणं बंधनकारक होतं, म्हणजे समोर बसलेला प्रेक्षक मोठाच होता. त्याला विद्यार्थी धरलं होतं, एवढंच. माझ्या मते खोड इथे लागली, ‘कार्टून पोरांसाठी’ हे त्यानंतर आलं. ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हे या परंपरेचं सगळ्यात गोड फळ. विजया मुळे यांची कल्पना, भीमसैन यांची चित्रं, वसंत देसाईंचं संगीत आणि लहानग्या साधना सरगमचा आवाज. दूरदर्शनने ती इतक्या वेळा लावली की एका पिढीला ती तोंडपाठ झाली. फिल्म सुंदरच आहे. पण आहे धडाच.

वेगळं काही झालं ते कडेकडेने. राम मोहन १९६८ मध्ये नोकरी सोडून बाहेर पडले. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये चेरीसारखी एकेक संस्थानं गिळणारा गव्हर्नर जनरल डलहौसी आठवतो? ते ॲनिमेशन त्यांचं. दोन-तीन मिनिटांत वसाहतवाद असा चावून दाखवणं हे खास मोठ्यांचं काम.

आणि मग सुरुवातीला सांगितलेलं ते रामायण. जपानी दिग्दर्शक युगो साको १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामकथेत गुंतले. ते रामायणावर ॲनिमेशनपट काढणार ही बातमी फुटताच विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाला निषेधाचं पत्र धाडलं. तो गैरसमज मिटला. पण सरकारने विषय नाजूक आहे, त्याचं कार्टून नको, म्हणून भागीदारी नाकारली. ज्या सरकारने तीस वर्षं कार्टूनचा शिक्षक म्हणून वापर केला, त्यालाच आता ते माध्यम थिल्लर वाटलं! काम जपानमध्ये झालं. कोइची सासाकी आणि राम मोहन सहदिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटियांचं. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, बाबरी मशीद पडून महिना-दीड महिना झाला होता. मोठं प्रदर्शन मिळालं नाही. नंतर टीव्हीवर लागून लागून तो लोकांचा झाला. त्यातल्या लंकेची भव्यता आणि कुंभकर्णाचं उठणं आजच्या संगणकी चित्रांपुढेही फिकं पडत नाही, या मतावर मी वाद घालायला तयार आहे.

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, परदेशी कामं हाताळणारे स्टुडिओ वाढले. २००५ च्या ‘हनुमान’ने दाखवून दिलं की देव बाळरूपात आणला की तिकिटं खपतात. पुढची काही वर्षं बाळदेवांची रांगच लागली.

‘नरसिंह’ने देवाला पुन्हा उग्र केलं, हे त्याचं श्रेय मी देतो. पण कथा ठाऊक असलेली, श्रद्धा तयार असलेली. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ मुंबईच्या फुलवालीची गोष्ट सांगतो. एकेक चौकट हाताने रंगवलेली. २०१९ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात त्याने झाली, आणि २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. ज्या शहरात १९५६ चा तो कार्टून विभाग निघाला, त्याच शहराची गोष्ट आपण फोनच्या पडद्यावर पाहिली.